धुऱ्यावरचा नवरदेव

प्रिय मोठमाय,

आज आठवा दिवस होता. सकाळी चहासुद्धा न टाकता मी डब्याचं झाकण उघडलं. ओल्या कापसावर चार पानं पालथी घालून ठेवली होती: दोडक्याचं, कारल्याचं, काकडीचं आणि काटवलाचं. पहिली तीन जशीच्या तशी हिरवी. काटवलाच्या पानावर मात्र राखाडी-जांभळी लव उठली होती. मी ती तीन हिरवी पानं भिंगातून पाहिली, उलटून पाहिली, खिडकीशी नेऊन पाहिली. काही नाही गं! एक ठिपका नाही.

आणि मग मी काय केलं असेल? तुला फोन लावला. नंबर अजून पाठ आहे ना. पलीकडून ती बाई हा क्रमांक अस्तित्वात नाही असं सांगायला लागली, तेव्हा भानावर आले. म्हणून हे पत्र लिहायला बसले. तू बोट ठेवून सावकाश वाचायचीस, तर मीही सावकाशच लिहिते.

मोठमाय, नवरदेवाचा काही दोष नव्हता.

खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण एवढंच लिहून कागदाची घडी घालायची माझी हिंमत होत नाही. तू विचारशील, "मंग त्याले काढाले काऊन लावलं मले?" त्याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते उत्तर काही चांगलं नाही.

आपल्या नाचणगावच्या वावराच्या कडेचा तो धुरा आठवतो का? वेडी आहे मी, तुला काय विचारते! तुझं निम्मं आयुष्य त्या धुऱ्यावर गेलं. बोरीच्या झाडाला धरून काटवलाच्या आठ-नऊ वेली दरवर्षी आपोआप उगवायच्या. जमिनीत कंद होते, मृगाचा पाऊस पडला की कोंब वर. श्रावणात त्या वेलींना ती हिरवी काटेरी फळं लागायची, आणि गावातल्या बाया टोपली घेऊन यायच्या. तू कुणाला अडवलं नाहीस. आपण लावलंच नाही तर आपलं कसं, असं तुझं म्हणणं.

त्यातल्या एका वेलीला कधीच फळ आलं नाही. पिवळी फुलं मात्र ढिगानं. गावात अशा वेलीला सगळेच वांझोटी म्हणतात, बाबाही म्हणायचे. एकदा त्यांनी ती उपटायला हात घातला, तेव्हा तू विळा टाकून धावत गेलीस. मी तिसरीत असेन. तुला बाबांवर चिडलेलं मी तेवढंच पाहिलं.

"वांझोटी म्हणू नका भाऊजी तिले. वेल नाई तो, गडी हाय गडी! ह्या साऱ्यायचा नवरदेव हाय. तो गेला तं एकीलेबी लेकरू होणार नाई."

बाबा मान खाली घालून विहिरीकडे निघून गेले. मग तू मला दोन फुलं हातात देऊन फरक दाखवलास. एका फुलाखाली बारीक काटेरी गाठ, तिचंच पुढं काटवल होतं. दुसऱ्याच्या खाली नुसता देठ. माझा वनस्पतिशास्त्राचा पहिला तास तो. पुढे मी हाच विषय घेतला त्याचं खापर मी अजून तुझ्याच डोक्यावर फोडते.

तो शब्द तुला का झोंबला, हे मात्र फार उशिरा कळलं. मोठेबाबा तुला एकटी ठेवून मी पाळण्यात असतानाच गेले, तुझी कूस उजवली नव्हती, आणि गाव काय म्हणायचं ते तू चांगलं ऐकून होतीस. आई सकाळीच शाळेत खिचडी शिजवायला जायची. त्यामुळे मी वाढले ती तुझ्याच कडेवर आणि तुझ्याच वावरात.

दरवर्षी मृग लागला की तुझं फर्मान निघायचं. "मिने, धुऱ्यावर जाऊन ये वं. नवरदेव आला का पाहून ये!" मी चिखल तुडवत जायची आणि तिथूनच बोंबलायची, "आला वं मोठमाय, आला!" मग तू शेंगदाणे भाजायला घ्यायचीस. कॉलेजात गेले तरी तू मला पाठवायचीस, आणि मीही ओरडायची. शेजारच्या वावरातले लोक हसायचे.

आता दोडक्याचं सांगते.

आपला दोडक्याचा मांडव तुझा जीव की प्राण. भाद्रपद लागला की त्यावर केवडा रोग यायचा. पानावर पिवळे चौकोनी डाग, मग पान करपून त्याचा कागद, आणि पंधरा दिवसांत मांडव भकास. फवारण्या करून बाबा थकले. मी वर्ध्याला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि प्रकल्पासाठी मी विषयच तो घेतला: रानवेलीवरचा केवडा. मांडवावर दरवर्षी रोग येतो तर तो एरवी राहतो कुठे? जवळपासच्या कुठल्यातरी रानवेलीवर दबा धरून बसत असेल, असा माझा कयास होता. आणि नवरदेवाच्या पानांवर तसेच पिवळे डाग होते.

रविवारी मी घरी यायची, अकरा वाजता पानं तोडायची आणि सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली घालायची. काही म्हणजे काही दिसायचं नाही. प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, अगं, ही बुरशी पहाटेच्या दवात पानाच्या पाठीवर उठते, ऊन तापलं की वाऱ्यावर उडून जाते. तुला पहाटेचं पान हवं.

आणि पहाटे वेलीत शिरायची आपल्या घरात बंदी! "दव हाय तवर वेलीत पाय टाकायचा नाई. अंगाले लागून रोग साऱ्या मांडवात फिरते." तुझा नियम होता तो. पुस्तकातही तेच लिहिलंय, तू पुस्तकाआधी सांगत होतीस. पण त्या नियमामुळे आपल्या घरात कुणीच, कधीच, पहाटे पान उलटून पाहिलं नव्हतं.

मी फोनवर सहज कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या दारात तू उभी! पहाटे दवात जाऊन नवरदेवाचं पान खुडलंस, ओल्या फडक्यात गुंडाळलंस, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातलंस, आणि पहिल्या एसटीनं डबा मांडीवर घेऊन आलीस. गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं. शिपाई म्हणाला, मावशी कोणाचा डबा आणला? तू म्हणालीस, "पोरीचा. पण खायाचा नाई."

प्रयोगशाळेत मी तुला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटायचा कसा ते तुला जमेना, मग मी माझ्या हातानं तुझा डोळा झाकला.

"माय वं! हे तं झाड हाय. पानं झडलेलं. अन् लिंबं लागले त्याले!"

अगदी तसंच दिसत होतं. फांद्या फुटलेला बारीक दांडा आणि टोकांवर लिंबासारखे बीजाणू. मॅडमना एवढं हसू आलं! मग तू हळूच मला विचारलंस, "एवढं बारीक झाड पाहाले तू दोन वर्सं शिकून राह्यली?" त्यावर मीही हसले. त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

मी बीजाणू मोजले, चित्रं काढली, पुस्तकाशी ताडून पाहिली. दोडक्यावरच्या केवड्याचं जे नाव, तेच नाव. मला आभाळ ठेंगणं झालं. मॅडमनी विचारलं, "डबा लावून पाहिलास का? ह्या पानावरची लव दोडक्याच्या पानावर टाकून आठ दिवस ठेव. दोडक्याला लागली तरच तुझं म्हणणं खरं." मी हो म्हणाले. पण प्रकल्प सादर करायला पंधरा दिवस उरले होते, टायपिंग राहिलं होतं, आणि नाव तर सापडलंच होतं. मी डबा लावला नाही.

मोठमाय, आठ दिवस लागतात. एक डबा, थोडा कापूस, आणि आठ दिवस. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी घरी आले. बाबा, आई, तू, सगळे ओसरीत. घरात पहिल्यांदाच सगळे माझं तोंड पाहत बसले होते. मी म्हणाले, रोगाचं घर सापडलं. नवरदेव काढून टाका, कंदासकट, आणि कंद उन्हात वाळवा. पुन्हा मांडवावर केवडा यायचा नाही.

बाबा लगेच उठले. तू बसूनच राहिलीस.

"मिने, पक्कं हाय नं? तो गेला तं धुऱ्यावरचं काटवल गेलं म्हणून समज."

"शंभर टक्के," मी म्हणाले.

कुठून आलं गं माझ्या तोंडात ते? पन्नास म्हणाले असते तरी खोटंच ठरलं असतं. पण मला त्या ओसरीत शहाणं दिसायचं होतं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं होतं, आणि ती मान मला खाली जाऊ द्यायची नव्हती. ह्यापलीकडे काही कारण नाही.

तू बाबांना खणायची सब्बल देऊ केली नाहीस, स्वतःच घेतलीस. भर दुपारी तू तो कंद खणून काढलास. हातभर खोल गेला होता, रताळ्यापेक्षा मोठा निघाला. माती पुसलीस आणि विहिरीच्या दगडावर उन्हात ठेवलास, मी सांगितलं होतं तसा. मी सावलीत उभी राहून वहीत तारीख लिहीत होते.

बाबांनी परवा एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या दगडावरच त्या कंदाला कोंब फुटला होता. तू रोज पाणी भरायला तिथं जायचीस, म्हणजे तू पाहिला असणारच. परत मातीत पुरायला किती वेळ लागला असता? मला सांगायची गरजही नव्हती. का नाही पुरलास, मोठमाय? उभ्या गावाचं बोलणं तू ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलंस. मोठेबाबा गेल्यावर भाऊबंद म्हणाले वावर विकून टाक, तू ऐकलं नाहीस. बाबा म्हणाले भाजी सोडून सोयाबीन घे, ऐकलं नाहीस. मग माझंच का ऐकलंस?

मला उत्तर माहीत आहे, आणि तेच सहन होत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. दव नाही, ओल नाही, त्यामुळे केवडा कुणाच्याच मांडवावर आला नाही. तो पावसाचा खेळ होता. तुला मात्र वाटलं माझ्या शिक्षणाचा! पुलगावच्या बाजारात जो भेटेल त्याला तू सांगत सुटलीस. मी घरी आले की म्हणायचीस, "आली आमची शंभर टक्के!" मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

त्याच श्रावणात धुऱ्यावर बाया आल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या. वेली होत्या, फुलं होती, फुलांखाली ती काटेरी गाठही धरायची, पण बोराएवढी व्हायच्या आतच पिवळी पडून गळायची. तू फोनवर म्हणालीस, "नवरदेव नाई तं वरात कायची!" आणि हसलीस. मी पण हसले आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले.

गंगाबाई हसली नाही. ती तुझ्याच वयाची, तीन महिने काटवल विकून घर चालवायची. मी मागच्या महिन्यात तिच्या दारावरून गेले, तर तिनं हाक मारून थांबवलं.

"तुह्या मोठमायनं खणून फेकला तो. आमच्या पोटावर पाय देला तिनं. जन्मभर बाया यायच्या त्या धुऱ्यावर, काय वाईट केलं होतं वं आम्ही तिचं?"

मी "येते मावशी," म्हणाले आणि निघाले. गाव अजूनही असंच म्हणतं, मोठमाय. आयुष्यभर तुला एक शब्द ऐकवला, आता गेल्यावर दुसरा. आणि दोन्ही वेळा तुझी चूक नव्हती.

आता गेल्या वर्षाचं.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरेना. भाद्रपदात तू अंथरूण धरलंस, आणि इकडे मांडवावर केवडा असा उतरला की दहा दिवसांत पानाचं नाव राहिलं नाही. नवरदेव जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी पूर्वीपेक्षा जास्त! मी मांडवाखाली उभी राहिले. मला तेव्हाच कळलं होतं. नीट तपासलं नव्हतं एवढंच.

दवाखान्यातून तुला घरी आणलं त्या संध्याकाळी तू माझा हात धरलास.

"मिने, यंदा मांडवावर केवडा हाय का वं?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, सांगू नको म्हणून. मला ती मान हलवायची गरज नव्हती, मी आधीच ठरवलं होतं.

"नाई मोठमाय. साफ हाय मांडव."

"मंग जमलं माय," तू म्हणालीस. "तो फुकट नाई गेला."

तू डोळे मिटलेस. पुन्हा बोलली नाहीस, चौथ्या दिवशी गेलीस. सगळे म्हणाले, समाधानानं गेली. ते ऐकून मी गोठ्यामागे जाऊन बसले. तुझ्या तोंडचं शेवटचं वाक्य माझ्या खोटेपणावर उभं आहे, आणि आता ते कुणालाच दुरुस्त करता यायचं नाही.

ह्या पावसाळ्यात धुऱ्यावर दोनच वेली उरल्या होत्या. बाकीच्या, फळ देत नाहीत म्हणून बाबांनी तणनाशक मारलं त्यात गेल्या. आता त्याच वांझोट्या ठरल्या बघ! ह्या दोघींच्या पानांवर तेच डाग दिसले. मी तुझा नियम मोडला. पहाटे दवात गेले, पान खुडलं, तुझ्याच स्टीलच्या डब्यात घातलं आणि वर्ध्याला सिंदी मेघेच्या माझ्या खोलीवर आणलं. ओला कापूस, चार वेलींची चार ताजी पानं, आणि चारहींवर त्या पानावरची लव. तीन वर्षांपूर्वी लावायचा होता तो डबा मी ह्या भाद्रपदात लावला.

तीन पानं हिरवीच राहिली म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगते. दिसायला दोन्ही केवडे सारखे. तीच फांदी, तीच लिंबं, पुस्तकातलं नाव एकच. पण आपल्या गावात एका आडनावाची दोन घराणी आहेत ना, एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत? तसं आहे हे. काटवलावरचा केवडा काटवलावरच जगतो. आपल्या दोडक्याला तो शिवतही नव्हता. दोडक्याचा केवडा लांबच्या मांडवांवरून वाऱ्यावर यायचा, अजून येतो, आणि यायचा थांबणार नाही. नवरदेव आपलं आजारपण अंगावर घेऊन मुकाट्यानं उभा होता, कुणाला न देता. आणि मी त्याला फाशी दिली.

मॅडमना दुपारी फोन केला. त्या म्हणाल्या, हा प्रकार वेगळा असावा, नीट अभ्यास व्हायला हवा, जिवंत पानं भरपूर लागतील. ही बुरशी बाटलीत वाढत नाही, मोठमाय. तिला जिवंत पानच लागतं. पान मेलं की तीही मेली. आणि दिवाळीनंतर आपली पांदणीची वाट रुंद होते आहे, धुरा त्यात जातो. बाबांनी सही करून दिली.

"आता तो धुरा ठेवून काय करतं?" ते म्हणतात. "रस्ता झाला तं गाडी वावरात येईन."

त्यांचं तरी काय चुकलं? त्या धुऱ्यावर आता ठेवण्यासारखं काय आहे?

तू म्हणशील, दुसरा नवरदेव आण, बसून काय राह्यली! आणायला गेले नसेन का मी? टेकडी पाहिली, तिथला मुरूम खणून नेलाय, खड्डा आहे नुसता. रुळाकाठानं चालत गेले, सगळं जाळलेलं. मग वर्ध्याच्या भाजीबाजारात रानातून काटवल आणणारी एक बाई गाठली. तिनं मला ह्या मृगाला सात कंद आणून दिले. लावले, उगवले, फुलं आली. सातही वेलींच्या फुलांखाली काटेरी गाठ! सगळ्या बाया. मी तिला पुन्हा शोधून काढलं आणि गडी आणून दे म्हणून सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"वांझोटीचा कंद कोन ठेवते वं बाई? दिसली का उपटून फेकते. जागा अडवते नुसती."

मला तिथंच बाजारात रडू आलं. सगळीकडे हेच चाललंय, मोठमाय. ज्याला फळ येत नाही तो उपटायचा, आणि मग बाकीच्यांना का येत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. अख्ख्या पंचक्रोशीत त्याला नवरदेव म्हणणारी तू एकटीच होतीस. मी तुझ्या हातानं तोही काढवला.

धुऱ्यावरच्या दोघींपैकी एकीचा कंद मी खोलीवर कुंडीत आणून लावला होता. मायेनं रोज पाणी घातलं, सडला. दुसरीचा आणेन, तीही वाचेल असं वाटत नाही. वाचली तरी गड्यावाचून ती काय करणार?

मला वाटतं, तू आता म्हणत असशील, जाऊ दे ना पोरी. म्हणू नकोस. तुझी हीच सवय वाईट. मला रागाव. एकदा तरी, बाबांवर चिडली होतीस तशी, विळा टाकून माझ्यावर धावून ये. तू कधीच रागावली नाहीस म्हणून मी अशी झाले.

दुपारी मी एक काम केलं. त्या वेळी तू आणलेलं पान मी वाळवून पाकिटात ठेवलं होतं, वहीत. ते पाकीट बाहेर काढलं. वर लिहिलंय: काटवल, नर वेल. नाचणगाव शिवार, धुऱ्यावर. गोळा करणारीचं नाव लिहायची एक ओळ असते. तीन वर्षं तिथं माझं नाव होतं. मी ते खोडून तुझं लिहिलं: वच्छला. शाई सांडल्यासारखं खोडलं गेलंय, दिसायला घाण दिसतं, पण आता नवीन पाकीट करणार नाही.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. गाव जेवायला येईल, गंगाबाईही येईल. ती कितीही चिडली तरी पंगत चुकवत नाही. तुला वचन देते. पंगत उठायच्या आत मी उभी राहीन आणि सांगेन की वेल तिनं काढली नाही, मी काढवली. आणि वेलीचा गुन्हा नव्हता. बाबांसमोर सांगेन. त्यांची मान खाली गेली तर जाऊ दे. मांडवाबद्दल तुझ्याशी जे खोटं बोलले तेही सांगेन. त्यानं काटवल परत येणार नाही आणि गंगाबाईची टोपली भरणार नाही, मला ठाऊक आहे. तुझ्या नावावरचं तेवढं उतरेल, बस.

आणि मृग लागला की मी नाचणगावला जाईन. तिथं रस्ता झालेला असेल. बोरीचं झाडही नसेल कदाचित. पण तुझं फर्मान मोडलेलं नाही मी एवढ्या वर्षांत, आताही मोडणार नाही. दरवर्षी नवरदेव आला का पाहून येईन, आणि तिथूनच ओरडून तुला सांगेन. नाही आला वं मोठमाय, नाही आला.

तुझी,
शंभर टक्के
मिनी